एक्याऐंशीव्या मिनिटाचा नऊ नंबर

आमच्या क्लबचा इतिहास दीड पानात मावतो. इवोनला तो चाळीस पानांत हवा होता, फोटोंसकट, आणि एप्रिलच्या आत.

इवोन म्हणजे आमच्या चिलामाते गावच्या फुटबॉल क्लबची अध्यक्ष. एरवी दातांची डॉक्टर. समोरच्याचा जबडा उघडा असताना त्याच्याकडून होकार घ्यायची तिची जुनी खोड आहे. माझी दाढ तिच्या चिमट्यात होती, तेव्हाच तिनं विषय काढला.

"डोन चेयो, पन्नास वर्षं झाली क्लबला. पहिल्या मॅचपासून रेडिओवर तुम्हीच बोलताय. पुस्तकही तुम्हीच लिहायचं. हो ना?"

मी "आँ" म्हणालो. तिनं ते "हो" धरलं.

घरी येऊन वही उघडली. स्थापना १९७३, कॉफीच्या गिरणीमागच्या मैदानावर. १९७६ साली कोयोलारला त्यांच्याच मैदानावर एक-शून्य हरवून पहिल्या श्रेणीत प्रवेश. तिथे अकरा हंगाम, बहुतेक सगळे तळाशी. युद्धाच्या वर्षांत आमची बस कधी सैनिक अडवायचे, कधी डोंगरातले बंडखोर. बंदुका वेगळ्या, पण दोघांचा पहिला प्रश्न एकच असायचा, स्कोअर काय झाला? १९८७ साली घसरलो. मग तेव्हाच्या कारभाऱ्यांनी क्लबची श्रेणीतली जागाच किनाऱ्यावरच्या एका गावाला विकून टाकली. आमच्याकडे ही रीतच आहे. खेळाडू नाही, मैदान नाही, नुसती जागा विकतात. घेणारा आपलं नाव लावून त्या जागेवर खेळायला लागतो, आणि विकणारं गाव रविवारी दुपारी काय करायचं याचा विचार करत बसतं. आम्ही सहा वर्षं तेच केलं. मग आम्हीही दुसऱ्या एका गावाची जागा घेतली आणि तिथल्या लोकांना रिकामे रविवार दिले. तेव्हापासून दुसऱ्या श्रेणीत आहोत, वर नाही की खाली नाही.

झालं. दीड पान. या सगळ्यात आमच्या लोकांनी छाती काढून चालावं अशी एकच गोष्ट आहे, शहात्तरचा तो गोल. तो कुणी मारला हे चिलामातेत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तोरिबिओ मोंतेरोसा, नऊ नंबर, एक्याऐंशीवं मिनिट. दर वर्षी एप्रिलमधल्या घरच्या मॅचला मध्यंतरात मी तो गोल पुन्हा सांगतो. शब्द तेच, दम तोच, आणि शेवटचं नाव सगळं मैदान माझ्याबरोबर ओरडतं. तोरिबिओ खुर्चीतून उठून टोपी काढतो. सत्तेचाळीस वर्षांत हे एकदाही चुकलं नाही. क्लब विकलेला होता तेव्हाही आम्ही मॅचशिवाय मैदानात जमायचो, मी तो गोल सांगायचो, सगळे ओरडायचे आणि आपापल्या घरी जायचे.

तो गोल तोरिबिओनं मारलेला नाही.

हे मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं. कोयोलारला रेडिओवाल्यासाठी खोली नव्हती, म्हणून मी नारळाच्या गोदामाच्या छपरावर बसून बोलत होतो. शेजारी तोडणीआधी उसाचे फड पेटवलेले. काळी राख मैदानभर भुरभुरत होती, सगळ्यांची तोंडं सारखीच काळी, आणि त्या वर्षी आमच्या गावातल्या प्रत्येक तरुणानं एकाच घाटाची मिशी ठेवली होती. मी पाठीवरचे आकडे बघून बोलायचो. नऊ नंबर तर लांबूनही ओळखू यायचा, कारण त्या आकड्याचं शेपूट वाकडं शिवलेलं होतं.

मध्यंतरात आमचे खेळाडू गोदामाच्या मागे सावलीत बसले होते. मला छपरावरून ती बाजू दिसत नव्हती. तोरिबिओचा घोटा सुजून नारळाएवढा झाला होता, आणि दोन्ही बदली खेळाडू आधीच वापरून झाले होते. उरला फेर्मिन आल्वारेंगा. फेर्मिन आमच्याच गावचा, पण मागचा हंगाम पलीकडच्या गावाकडून खेळलेला, आणि त्याचा बदलीचा कागद राजधानीहून आलेला नव्हता. म्हणून त्या दिवशी तो पाण्याच्या बादल्या उचलायला आला होता. प्रशिक्षकानं कुणालाच काही विचारलं नाही. तोरिबिओच्या अंगातला शर्ट ओढून काढला आणि फेर्मिनच्या डोक्यातून घातला. कागद मंगळवारी आला. मॅच रविवारी होती.

परतताना बसमध्ये तेव्हाचे अध्यक्ष, डोन एर्मोहेनेस, माझ्या शेजारी येऊन बसले. समोरच्या बाकावर तोरिबिओ बादलीत पाय सोडून बसला होता, त्यामुळे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

"चेयो, तू छपरावरून काय पाहिलंस?"

"नऊ नंबर पाहिला."

"मग तेच पाहिलंस," ते म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारून उठून गेले.

खरं बाहेर पडलं असतं तर जिंकलेली मॅच गेली असती आणि आमच्याऐवजी कोयोलार वर गेलं असतं. बसमध्ये सोळा माणसं होती. कुणाची कोंबडी कुणाच्या परसात अंडं घालते हे आमच्या गावात दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं, पण ही गोष्ट सोळा माणसांनी पोटात ठेवली. त्यातले आता आम्ही तिघंच उरलोय. मी, तोरिबिओ आणि फेर्मिन.

मला त्याचं फारसं काही वाटत नसे, हेही खरंच सांगतो. फेर्मिन कधी चकार शब्द बोलला नाही. खेळणं सुटल्यावर क्लबनं त्याला मैदानाचं काम दिलं. चाळीस वर्षं दर शनिवारी तो चुन्याच्या रेघा मारतोय, दोरी न लावता, आणि रेघ इंचभरही हलत नाही. भेटला की हात वर करतो. मी समजून चाललो होतो की गडी समाधानी आहे. असं समजणं मला सोयीचंही होतं.

पण पुस्तकासाठी मला पहिल्या शर्टांची हकिकत हवी होती, आणि ते शर्ट फेर्मिनच्या आईनं शिवले होते. म्हणून फेब्रुवारीत एका सकाळी मी निन्या त्रान्सितोच्या दारात उभा राहिलो. आमच्याकडे बाई कितीही म्हातारी झाली तरी मानानं निन्या म्हणजे पोरीच म्हणतात. ही पोर त्र्याण्णव वर्षांची आहे. डोळ्यांनी दिसेनासं झालंय, त्यामुळे रेडिओ दिवसभर चालू असतो. मांडीवर परात घेऊन ती बोटांनी चाचपत घेवडा निवडत होती.

"कोण, चेयो? रेडिओत तुझा आवाज किती भरदार वाटतो. खरा अगदीच किरटा आहे रे."

"वय झालं, निन्या."

"मला वय सांगू नकोस. बस. कॉफी चुलीवर आहे, आपल्या हातानं घे. गोड पाव झाकणाखाली आहे, एकच घे, दुसरा फेर्मिनचा."

मी बसलो आणि वही काढली. ती सांगत गेली. शर्ट मैद्याच्या पोत्यांचे होते, हिरव्या रंगात बुडवलेले. पहिल्याच मॅचला घामानं रंग सुटला आणि अकराच्या अकरा जणांच्या छात्या हिरव्यागार झाल्या. समोरच्या गावानं 'पोपट, पोपट' म्हणून चिडवलं, आणि आमच्या लोकांना ते नाव इतकं आवडलं की अजून आम्ही पोपटच आहोत. आकडे तिनं काळ्या कापडाचे कापले होते.

"आणि नऊचं शेपूट?"

"गोल भाग ताटली ठेवून कापला. शेपूट अंदाजानं. चष्मा कुणाकडे होता तेव्हा? वाकडं झालं खरं, पण त्याच शर्टानं गोल मारला ना शेवटी?"

"मारला," मी म्हणालो.

"मग एक लिही तुझ्या पुस्तकात." ती हसली. तिला दोनच दात उरलेत, आणि दोन्ही दिसले. "माझा फेर्मिन जन्मात एकदाच खोटं बोलला. त्याच दिवशी. चौकात तोरिबिओला खांद्यावर घेऊन नाचत होते सगळे, आणि हा इथे येऊन चुलीपाशी उभा. म्हणतो कसा, आई, तो गोल मी मारला. मी तव्यावर तोर्तिया टाकत होते. हातात ओलं फडकं होतं, तेच हाणलं तोंडावर. म्हटलं, लाज नाही वाटत? सगळ्या गल्लीनं माझ्या रेडिओवर ऐकलंय, तोरिबिओनं मारला म्हणून. चेयो काय झोपला होता तिथे? दुसऱ्याचं घेऊन मोठं व्हायचं नाही म्हटलं, कळलं? तेव्हापासून पोरगा सुतासारखा सरळ. एक फडकं पुरलं बघ."

"मग? त्यानं काय केलं?"

"काय करणार? तोंड पुसलं. आणि जेवला नाही त्या दिवशी."

हातातली कॉफी मला पिववेना. इतकी वर्षं मी त्या गोलाला गावाचं गुपित समजत होतो. त्या गुपितापायी एका पोराला स्वतःच्या आईनं खोटारडा ठरवलं, आणि तेही माझ्या शब्दावर, हे माझ्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. मला लाज वाटली. वही मिटली, तिचा हात हातात घेतला आणि बाहेर पडलो. दुसरा पाव न घेतल्याबद्दल तिनं मागून माझं कौतुक केलं.

शनिवारी मैदानावर गेलो. फेर्मिन चुन्याची गाडी ढकलत कोपऱ्याकडे चालला होता. मी बाजूनं चालायला लागलो.

"तुझ्या आईनं मला फडक्याची गोष्ट सांगितली."

"सगळ्यांना सांगते," तो म्हणाला. नजर रेघेवरच. "पाद्रीबाबांनाही सांगून झालीय."

"मला माहीत नव्हतं, फेर्मिन."

"तुला कसं माहीत असणार?"

"पण नंतर तरी सांगायचंस तिला. कागद आला, सगळं मिटलं, नंतर कुणाला काय पडलं होतं?"

त्यानं कोपऱ्यापर्यंत रेघ पुरी केली, गाडी उभी केली आणि हात झटकले.

"तू दर वर्षी रेडिओवर सांगतोस, चेयो. दर वर्षी ती ऐकते. तुझ्यापुढे माझं काय चालणार?"

 

"या वेळी खरं सांगतो," मी म्हणालो. "एप्रिलात. माईकवर."

"नको. क्लबला चोर म्हणतील. पन्नासावं वर्ष आहे, इवोननं एवढी मेहनत घेतलीय. आणि तोरिबिओनं काय करायचं? त्याची बेकरी त्या गोलाच्या नावानं चालते."

"आणि तू काय करायचं?"

"मला रेघा आहेत ना." त्यानं पुन्हा गाडीची मूठ धरली. मी वळून थोडा पुढे गेलो, तेव्हा मागून म्हणाला, "त्र्याण्णव झाली तिला, चेयो." एवढंच. मी वळून पाहिलं तर तो गोलच्या दिशेनं निघाला होता.

मग तोरिबिओकडे जाणं आलं. त्याच्या बेकरीचं नाव 'मिनिट एक्याऐंशी'. तो आत पीठ मळत होता. गुडघ्याखाली त्याचा तो पाय अजून ओढतो. मी सगळं सांगून टाकलं, आई, फडकं, एप्रिलात माईकवर खरं नाव घ्यायचं मनात आहे ते, सगळं. तो मळत राहिला.

"म्हणजे मी कोण मग?" शेवटी तो म्हणाला.

"तोरिबिओच. आणखी कोण?"

"तोरिबिओ कोण? घोटा सुजला म्हणून गोदामामागे बसलेला? नातवंडांना काय सांगू? पाटी उतरवू का बाहेरची? उतरव की तूच, शिडी आहे मागे!" त्यानं पिठाचा गोळा ओट्यावर असा आदळला की माझा चष्मा पांढरा झाला. "आणि एक सांग मला. गोल मी मारला असं माझ्या तोंडून एकदा तरी ऐकलंयस का? आठव. एकदा तरी?"

मी आठवून पाहिलं. खरंच नव्हतं ऐकलं. सत्तेचाळीस वर्षं तो फक्त उठला होता आणि टोपी काढली होती.

"तू ओरडायचास, मी उठायचो," तो म्हणाला. "तू मला विचारलंस का कधी, उठू का म्हणून?"

"मी खरं नाव घेईन त्या दिवशी घरी बस तू," मी म्हणालो. "लोकांना तोंड दाखवायला नको."

"मी कुठे बसायचं ते तू नको शिकवूस. जा आता. माझं पीठ फुगतंय."

तो हो म्हणाला की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

इवोनला मी काहीच सांगितलं नाही. तिला आधी कळलं असतं तर माईकची तार तिनं स्वतःच्या दातांनी तोडली असती. मैदानाच्या भिंतीवर तिनं तो गोल रंगवून घेतला होता. चित्रकाराला चेहरे जमत नाहीत, म्हणून त्यानं नऊ नंबर पाठमोरा काढला होता, हवेत उंच उडालेला, शेपूट वाकडं. खाली मोठ्या अक्षरांत तोरिबिओ मोंतेरोसा. त्या भिंतीवरून जाताना मी मान खाली घालायला लागलो.

आणि योग असा की एप्रिलातल्या त्या रविवारी पाहुणे होते कोयोलार. तेही आमच्यासारखेच घसरून दुसऱ्या श्रेणीत आलेले. दोन बसगाड्या भरून माणसं आली होती, ढोल घेऊन. जुनं दुखणं असं की आमच्या गोलाचा कार्यक्रम ऐकायला नको म्हणून मध्यंतरात ते कानांत बोटं घालून बसतात. पहिल्या डावात गोल झाला नाही. शिट्टी वाजली. गोलसमोरच्या पेटीतली रेघ पुसट झाली होती, ती पुन्हा मारायला फेर्मिन गाडी घेऊन मैदानात उतरला. तोरिबिओ आपल्या खुर्चीत होता, नवी टोपी घालून. इवोननं मला खूण केली.

 मी माईक धरला.

"कोयोलार. एक्याऐंशीवं मिनिट. शून्य-शून्य. हवेत राख आहे, मंडळी, डोळे चुरचुरतायत. उजवीकडून चेंडू निघालाय, लांब, उंच. दोन बचावपटू मध्ये उभे. त्यांच्या पाठीमागून नऊ नंबर आला, नऊ नंबर उडी घेतोय, सगळ्यांच्या वर, डोकं लावलं, आणि गोल!"

मैदानानं नावासाठी श्वास घेतला. मला तो ऐकू आला. दर वर्षी येतो.

मी थांबलो. लोक तोरिबिओतला 'तो' म्हणून गप्प झाले. रेडिओवर एवढा वेळ गप्प बसायचं नसतं, घराघरांतले लोक सेल संपले समजून रेडिओ ठोकायला लागतात.

"इथवर सगळं खरं आहे," मी म्हणालो. "पुढचं नाव मी सत्तेचाळीस वर्षं चुकीचं सांगत आलो. छपरावरून मी शर्ट पाहिला, माणूस पाहिला नाही. मध्यंतरात तो शर्ट दुसऱ्याच्या अंगात गेला होता, आणि त्याचा कागद तोवर आलेला नव्हता, म्हणून सगळे गप्प बसलो. मीही. तो गोल फेर्मिन आल्वारेंगानं मारला. निन्या त्रान्सितो, तुम्ही ऐकताय ना? तुमचा मुलगा खरं बोलला होता. खोटं मी बोललो."

 भोपळ्याच्या बिया विकणारी बाई पायऱ्यांवर उभी होती, ती तशीच उभी राहिली. इवोननं तोंडावर हात ठेवला होता. फेर्मिन पेटीच्या मधोमध होता. त्याच्या हातातली गाडी तिरकी झाली होती आणि चुना भसाभस एकाच जागी सांडत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं.

मी थांबलो तेव्हाच कोयोलारवाल्यांनी कानांतली बोटं काढली होती, आणि आधी त्यांच्याच डोक्यात प्रकाश पडला.

"चोर! चोर!" ढोल बडवत ते उठले. "मॅच परत द्या! पोपटांनो, अकरा वर्षं परत द्या!"

आमचे लोक खाली बघत होते.  वाटलं, फेर्मिन म्हणत होता तेच बरोबर, मी गावाची एकुलती एक चांगली गोष्ट घालवली. तेवढ्यात तोरिबिओ उठला. काठी टेकत, पाय ओढत तो मैदानात उतरला, आणि कोयोलारच्या बाजूला तोंड करून असा ओरडला की माईकची गरजच पडली नाही.

"बोंबलता काय रे! कुणी का मारेना, घुसला तर तुमच्याच जाळ्यात ना?"

आमच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. मग सगळ्या पायऱ्या हसायला लागल्या, आणि कोयोलारचा एक म्हातारा ढोलवालाही हसला, मी पाहिला. तोरिबिओ तसाच पुढे गेला, फेर्मिनच्या समोर उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली. फेर्मिनला काय करावं कळेना. त्यानं चुन्यानं भरलेला हात पँटला पुसला आणि पुढे केला.

मग लोकांनी नाव घेतलं. एकसुरात नाही आलं, नव्या नावाची सवय नव्हती. काही म्हातारे हाताची घडी घालून गप्प बसले, आणि त्यातले दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या डावात आम्ही दोन गोल खाल्ले. गोलकीपरचं म्हणणं, चुन्याच्या ढिगावर चेंडू उसळला. इवोन मला म्हणाली, "डोन चेयो, तुमची उरलेली दाढ मी भूल न देता काढणार आहे." पण सोमवारी नाव बदलायला चित्रकाराला भिंतीवर चढवलं तिनंच.

मॅच संपली, लोक पांगायला लागले. मी तारा गुंडाळत होतो. फेर्मिन रेडिओच्या खोलीच्या पायऱ्यांशी येऊन उभा राहिला.

"चल," तो म्हणाला.

"कुठे?"

"घरी. तिचा निरोप आलाय. दोघांनाही बोलावलंय."

आम्ही गल्ली चढलो. ऊन अजून भिंतींवर होतं. दोन-तीन दारांतून बायकांनी फेर्मिनकडे नवीन माणूस आल्यासारखं पाहिलं.

निन्या त्रान्सितो चुलीपाशी खुर्ची टाकून बसली होती. रेडिओ बंद होता. त्या घरात तो बंद असलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"चेयो आलाय का?"

"आलोय, निन्या."

"जवळ ये. अजून. खाली वाक, माझा हात पोचत नाही."

मी वाकलो. मला वाटलं, डोक्यावर हात ठेवणार. तिनं मांडीवरचं ओलं फडकं उचललं आणि माझ्या तोंडावर सण्णकन हाणलं. त्र्याण्णवाव्या वर्षी हातात जोर कितीसा असणार, पण फडकं चांगलं भिजवून ठेवलेलं होतं. पाणी कॉलरमधून पाठीत गेलं.

"हे तुझं होतं," ती म्हणाली. "चुकून दुसऱ्याला दिलं मी."

"हो, निन्या."

"लागलं?"

"लागलं."

"मग बस तिकडे." तिनं फडकं मला तोंड पुसायला दिलं आणि दाराकडे मान वळवली. "फेर्मिन."

तो येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या भुवयांवरसुद्धा चुना होता.

"कुठल्या गालावर मारलं होतं रे तुला मी?"

"आता कुठे आठवतंय, आई. किती वर्षं झाली."

"हे मात्र खोटं," ती म्हणाली, आणि न चाचपडता तिनं त्याच्या डाव्या गालावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. सत्तर वर्षांचा माणूस डोळे मिटून तसाच बसून राहिला. मी भिंतीकडे बघत होतो, फडकं तोंडाला लावून, आणि ते फडकं तेव्हा माझ्या फार कामी आलं.

"त्या दिवशी तू जेवला नव्हतास," ती म्हणाली.

"नव्हतो."

"मग बस पाटावर. तवा तापलाय."